पावसाचे खाते कोणाच्या नावावर?

जून उजाडला की वर्तमानपत्रात दोन आकडे आपली जागा धरून बसतात. कुलाबा अमुक मिलिमीटर, सांताक्रूझ तमुक मिलिमीटर. सप्टेंबर संपेपर्यंत ते तिथून हलत नाहीत. बोरिवलीचा माणूस, मुलुंडचा माणूस, घाटकोपरचा माणूस, सगळेच सकाळच्या चहाबरोबर हे आकडे वाचतात आणि त्यातला सांताक्रूझचा आकडा आपला म्हणून पदरात घेतात. कुलाबा फार लांब, हे खरे. पण सांताक्रूझ तरी कुठे जवळ आहे? मुलुंड आणि सांताक्रूझ यांच्यामध्ये पंधराएक किलोमीटरचे अंतर आहे. मध्ये डोंगर आहेत, विहार आणि पवईची तळी आहेत. उपनगरांच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी. अशा प्रदेशात पाऊस सगळीकडे सारखा पडावा, ही अपेक्षाच चुकीची. १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. पण पावसाच्या बाबतीत या जिल्ह्याची ओळख विमानतळाजवळच्या एका आकड्यापुरतीच राहिली.

ही तक्रार क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. वर्तमानपत्रात मुलुंडचा आकडा छापला म्हणून मुलुंडचे पाणी ओसरणार आहे थोडेच! मान्य. परंतु हा प्रश्न वर्तमानपत्राच्या जागेचा नाही. पाऊस मोजणे, तो आकडा वेळेवर पोचवणे आणि तो आकडा कोणाच्या मालकीचा हे ठरवणे, अशी ही तीन वेगवेगळी कामे आहेत. पहिले काम नोंदी ठेवणाऱ्या शास्त्रज्ञाचे, दुसरे बिनतारी दळणवळणाच्या इंजिनियरचे आणि तिसरे कायद्याच्या अभ्यासकाचे. गेल्या वीस वर्षांत पहिल्या दोन कामांत आपण बरीच मजल मारली. तिसरे मात्र मागे पडले, आणि ते मागे पडल्यामुळे पहिल्या दोहोंचे फळही पुरते पदरात पडत नाही, असे माझे म्हणणे आहे.

२६ जुलै २००५ हा दिवस उपनगरांतल्या कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्याला जेमतेम ७३. विहार तलावाजवळच्या मापकात आकडा हजाराच्या वर गेला. म्हणजे एकाच शहराच्या एका टोकाला नेहमीचा पावसाळी दिवस होता आणि दुसऱ्या टोकाला प्रलय. साकीनाक्याला दरड कोसळून माणसे गाडली गेली. शहरभरात चारशेहून अधिक जीव गेले. आता यातली लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, पाऊस मोजला गेला नव्हता असे नाही. तो मोजला जात होता. पण हवामान खात्याची शहरात मुख्य ठाणी दोनच होती, आणि त्या ठाण्यांवरचा दर तासाचा, दर पंधरा मिनिटांचा वेग त्या क्षणी पालिकेच्या नियंत्रण कक्षापर्यंत आपोआप जाईल अशी सोय नव्हती. संध्याकाळपर्यंत उपनगरांतली वीज गेली, मोबाइलचे मनोरे मुके झाले. पाऊस कुठे किती पडतो आहे हे ज्यांना ठाऊक असायला हवे होते त्यांना, रस्त्यावर कमरेइतक्या पाण्यात चालणाऱ्या माणसाइतकेच ठाऊक होते.

चोवीस तासांचा एकूण आकडा आणि पावसाचा वेग यांतला फरकही त्या दिवशी मुंबईला कळला. शहराची जुनी गटारे तासाला सुमारे २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेली, आणि तीही समुद्राला ओहोटी असेल तर. दिवसभरात संथपणे पडलेले शंभर मिलिमीटर ती सहज पचवतील. तेच शंभर मिलिमीटर एका तासात पडले तर मिलन सबवेचा तलाव होईल. त्यामुळे सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ या हिशेबाने छापलेला आकडा इतिहासाला उपयोगी. अंधेरीच्या सबवेत गाडी घालावी की नाही, हे त्यावरून ठरत नाही.

माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या पुराची चौकशी केली. २००६ च्या पावसाळ्यात महापालिकेने शहरभर ३५ स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. बहुतेक अग्निशमन केंद्रांच्या गच्च्यांवर बसवले, कारण तिथे चोवीस तास माणूस असतो आणि उपकरण सुरक्षित राहते. हा विचार साधा आणि शहाणा होता. या यंत्रात दोन चिमुकल्या वाट्या एका आसावर झुलत असतात. एक भरली की कलंडते, दुसरी तिच्या जागी येते, आणि प्रत्येक कलंडण्याची नोंद होते. दर पंधरा मिनिटांनी ती नोंद नियंत्रण कक्षाकडे जाते. पुढे मापकांची संख्या वाढली. जून २०२० मध्ये केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने पालिकेच्या सहकार्याने मुंबईसाठी ‘आयफ्लोज’ ही पुराची पूर्वसूचना देणारी यंत्रणा सुरू केली. पवईच्या आयआयटीत प्राध्यापक सुबिमल घोष आणि त्यांचे सहकारी, नागरिकांनी कळवलेल्या पाण्याच्या पातळीची जोड देऊन असाच प्रयोग करीत आले आहेत. २०२३ मध्ये देशभरातल्या मोबाइलवर एकाएकी कर्कश घंटा वाजल्या आणि ‘घाबरू नका, ही चाचणी आहे’ अशा आशयाचा संदेश आला, तोही याच दिशेचा होता. मनोऱ्यावरून त्या परिसरातल्या सर्व फोनवर एकाच वेळी इशारा पाठवण्याची ती सोय.

मग कमी काय आहे? हे सांगण्यासाठी मला माझ्या जुन्या धंद्याकडे वळावे लागेल. बँकेत हयात गेलेल्या माणसाला नोंद म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. रोज संध्याकाळी हिशेब जुळल्याशिवाय घरी जाता येत नाही. चुकलेला आकडा खोडून काढायचा नाही; त्यावर रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही ठोकायची, म्हणजे चूकही दिसली पाहिजे आणि दुरुस्तीही. पण सगळ्यांत महत्त्वाचा नियम असा की, ज्या रकमेचा पत्ता लागत नाही ती शून्य धरायची नाही. ती ‘सस्पेन्स’ खात्यात टाकायची आणि उलगडा होईपर्यंत रोज तिच्याकडे बघायचे.

पावसाच्या नोंदीत हाच नियम जिवाशी गाठ घालणारा ठरतो. स्वयंचलित मापकाचा आकडा बिनतारी मार्गाने येतो. धो धो पावसात वीज जाते, मनोरा बंद पडतो, संदेश तुटतो. म्हणजे ज्या पाऊण तासाचा आकडा सर्वांत मोलाचा, नेमका तोच हरवण्याची शक्यता सर्वांत जास्त. अशा वेळी त्या रकान्यात काय लिहायचे? तो कोरा ठेवून ‘संपर्क तुटला’ असे लिहिले तर उद्याचा संशोधक सावध राहील. तिथे शून्य पडले तर कागदोपत्री त्या पाऊण तासात ऊन पडले होते! दहा वर्षांनी कोणीतरी त्या आकड्यांची सरासरी काढील, त्या सरासरीवर कोणीतरी नाला किती रुंद हवा हे ठरवील, आणि तो नाला अपुरा पडेल. शास्त्रीय नोंदींची व्यवस्था हा विषय ऐकायला रुक्ष आहे. पण त्याचा शेवट असा कोणाच्या तरी तळमजल्यावरच्या खोलीत होतो.

नोंद नीट राखली तर ती काय देते, याचे उत्तम उदाहरण मुंबईतच आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जाऊ लागल्या. बाळशास्त्री जांभेकरांचा या वेधशाळेशी संबंध होता आणि केरूनाना छत्रे तरुणपणी तिथे नोकरीला होते. तासातासाला चुंबकसूचीची स्थिती पाहायची आणि लिहून ठेवायची, इतकेच काम. २ सप्टेंबर १८५९ रोजी ही सूची भलतीच भरकटली. सूर्यावर झालेल्या स्फोटाचा तो परिणाम होता. त्या दोन दिवसांत युरोप-अमेरिकेतल्या तारायंत्रांची भंबेरी उडाली होती. कुलाब्यातल्या माणसांना याचा अर्थ पुरता कळला असेल की नाही, कोण जाणे. पण त्यांनी आकडे लिहिले. २००३ साली म्हणजे तब्बल १४४ वर्षांनी त्सुरुतानी, गोन्झालेझ, लाखिना आणि ॲलेक्स या शास्त्रज्ञांनी त्याच आकड्यांवरून ते वादळ किती मोठे होते याचा हिशेब मांडला. यातले लाखिना आणि ॲलेक्स आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे. उपग्रह आणि वीजवाहिन्या यांना अशा सौर वादळापासून किती धोका आहे, हे ठरवताना आज जगभर कुलाब्याच्या त्या वहीचा आधार घेतला जातो.

याच वेधशाळेची दुसरी कथा आपल्या विषयाच्या आणखी जवळची आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार हे नक्की झाले. विजेच्या प्रवाहाने चुंबकीय उपकरणे बिघडणार, हे उघड होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशिर मूस यांनी उपकरणांसाठी अलिबागची जागा निवडली. १९०४ मध्ये तिथे नोंदी सुरू झाल्या. पण कुलाब्याची वही लगेच मिटली नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, म्हणजे एका जागेचा आकडा दुसरीशी ताडून पाहता यावा आणि साठ वर्षांची साखळी तुटू नये. विजेच्या ट्राम १९०७ मध्ये धावू लागल्या, तोवर काम फत्ते झाले होते. खाते एका शाखेतून दुसऱ्या शाखेत नेताना शिल्लक जुळवून घ्यावी, तसेच हे. आजही एखाद्या इमारतीच्या गच्चीवरचा पर्जन्यमापक दुसऱ्या इमारतीवर हलवताना, जुन्या बनावटीच्या जागी नवा बसवताना, इतकी काळजी घेतली जावी आणि ती कागदावर यावी, एवढीच अपेक्षा आहे.

त्या काळच्या ट्रामची जागा आज बिनतारी लहरींनी घेतली आहे. जोगेश्वरी-अंधेरीच्या वेरावली टेकडीवर हवामान खात्याचे डॉप्लर रडार १४ जानेवारी २०२२ रोजी रीतसर सुरू झाले. कुलाब्याचे रडार आधीपासून होतेच. पण उपनगरांच्या डोक्यावरचा ढग उपनगरांतूनच पाहण्याची सोय या दुसऱ्या रडारने झाली. हे रडार ज्या लहरींवर चालते त्यांना ‘सी बँड’ म्हणतात. घरोघरच्या वायफायचा एक भाग नेमका त्याच शेजारात राहतो. परदेशात वायफाय आणि अशी रडारे यांची टक्कर झाल्याचे, रडारच्या पडद्यावर नसलेल्या पावसाच्या रेघा उमटल्याचे अनुभव आहेत. म्हणून आंतरराष्ट्रीय नियम असा की, वायफायच्या यंत्राने आधी कान देऊन ऐकावे, रडारची चाहूल लागली तर त्या लहरीवरून बाजूला व्हावे. आपल्याकडे २०१८ मध्ये या पट्ट्याचा मोठा भाग परवान्याविना वापरायला खुला झाला. हे चांगलेच झाले. घराघरातली, दुकानादुकानातली गरज होती. पण मूस यांनी निदान अलिबाग गाठले होते. उपनगरांवरचे ढग पाहणारे रडार आपण कुठे नेणार? त्याने इथेच, दाट वस्तीच्या मध्यावर, असंख्य वायफायच्या गलक्यात राहायचे आहे. ते नीट राहील की नाही, हे यंत्रावर जितके अवलंबून आहे तितकेच नियमावर, आणि नियम पाळला जातो की नाही हे पाहणाऱ्यावर अवलंबून आहे.

लहरी पावसाच्या नोंदीला मारक ठरतात, तशा तारकही ठरतात, आणि इथेच हा विषय खऱ्या अर्थाने रंगतो. मोबाइलचे दोन मनोरे अनेकदा एकमेकांशी सूक्ष्मतरंगांच्या दुव्याने जोडलेले असतात. मध्ये पाऊस आला की संदेश क्षीण होतो. पाऊस जितका जोराचा तितका तो अधिक क्षीण. कंपन्यांच्या दृष्टीने ही डोकेदुखी. त्या हे चढउतार आपल्या जाळ्याची देखभाल म्हणून टिपून ठेवतात. २००६ साली तेल अवीव विद्यापीठाच्या हागित मेसेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवून दिले की, ही डोकेदुखी म्हणजेच पर्जन्यमापक आहे. संदेश किती क्षीण झाला यावरून दोन मनोऱ्यांमधला पाऊस काढता येतो. २०१३ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी सुमारे २,४०० दुव्यांच्या आधारे अख्ख्या देशाचा पावसाचा नकाशा तयार केला. त्यानंतर पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोमध्ये, जिथे पर्जन्यमापक फार विरळ आहेत, हाच प्रयोग झाला.

आता अंधेरी ते दहिसर आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातल्या गच्च्या डोळ्यांपुढे आणा. सोसायटीच्या वार्षिक सभेत ज्यावरून भांडणे होतात ते मनोरे. भाडे किती, ते कोणाच्या खात्यात, किरणांचा त्रास होतो की नाही, या सगळ्यांवर आपण तावातावाने बोललो. मध्यंतरी पावसाने त्या मनोऱ्यांच्या संदेशांवर आपली सही करून ठेवली आणि ती कोणी वाचली नाही. ही पद्धत रामबाण नाही, हेही सांगितले पाहिजे. बरेच मनोरे आता जमिनीखालच्या प्रकाशतंतूंनी जोडले गेले आहेत. ओल्या झालेल्या थाळीमुळे आकडा फुगतो. दुव्याची लांबी आणि लहर नेमकी ठाऊक नसेल तर हिशेब चुकतो. पण डोंगर, खाडी आणि समुद्र यांच्या बेचक्यातल्या या जिल्ह्यात, जिथे दोन मैलांवर पावसाचा नूर बदलतो, तिथे चार पर्जन्यमापकांच्या मध्ये एखादा असा दुवा मिळाला तरी त्याचे मोल आहे.

अडचण यंत्राची कमी आणि मालकीची जास्त आहे. ती नोंद कंपनीच्या संगणकात आहे. ती मागायची कोणी, कोणत्या अधिकाराने? माहितीचा अधिकार सरकारी कार्यालयांना लागू. तिथेही व्यापारी गुपिताचा अपवाद आहे, आणि मनोरे कुठे कसे जोडले आहेत हे कंपनी गुपितच मानणार. परंतु एक गोष्ट विसरू नये. ज्या लहरींवर हा सगळा व्यवहार चालतो त्या कंपनीच्या नाहीत. १९९५ साली क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तर केंद्र सरकार हे जनतेच्या वतीने या लहरींचे मालक आहे, असे स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. त्याच कायद्याने आपत्तीच्या काळात एखादे दूरसंचार जाळे तात्पुरते ताब्यात घेण्याचा अधिकारही सरकारला दिला आहे. जाळे ताब्यात घेण्याइतका मोठा अधिकार ज्याने घेतला, त्याला लहरींचे वाटप करताना एक लहानशी अट घालता येणार नाही काय? पावसामुळे संदेश किती क्षीण झाला याचे आकडे, मनोऱ्याचा नेमका पत्ता झाकून का होईना, हवामान खात्याला आणि मान्यताप्राप्त संशोधकांना द्यावेत, इतकीच ती अट. लहरी आपल्या, गच्ची आपली, पाऊसही आपल्याच डोक्यावर पडलेला. नोंद तेवढी परक्याची, हा हिशेब मला जुळवता येत नाही.

इथे एक भीती रास्त आहे. एकदा कंपन्यांच्या संगणकात सरकारला हात घालू दिला की तो पावसापाशी थांबेल कशावरून? उद्या पुराच्या निमित्ताने कोण कुठून कुठे गेला याच्याही नोंदी मागितल्या जातील. म्हणूनच हे काम कायदा जाणणाऱ्यांनी करायला हवे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. दोन मनोऱ्यांमधला संदेश पावसाने किती क्षीण केला, या आकड्यात कोणाचे संभाषण नसते, कोणाचा ठावठिकाणा नसतो. माझ्या फोनचा प्रवास ही माझी खासगी बाब. माझ्या गल्लीवर पडलेला पाऊस ही सर्वांची. या दोहोंमधली रेघ कायद्याने ठळक आखली, तर पहिली सांभाळता येईल आणि दुसरी मागता येईल. रेघ आखली नाही, तर अनुभव असा आहे की नेमके उलटे होते.

कायदे मुळीच नाहीत असेही नाही. माहितीच्या अधिकाराचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ रोजी पूर्णपणे अमलात आला, त्या पुरानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी. त्याचे चौथे कलम सांगते की कोणी मागण्याची वाट न पाहता सरकारी कार्यालयांनी माहिती आपणहून मांडावी. २०१२ च्या राष्ट्रीय धोरणानुसार केंद्राच्या खात्यांनी जनतेच्या पैशाने गोळा केलेली विदा जनतेला खुली करावी. सार्वजनिक अभिलेखांविषयी केंद्राचा १९९३ चा कायदा आहे, महाराष्ट्राचा २००५ चा आहे. पण पालिकेच्या गच्चीवरच्या मापकाचा पंधरा मिनिटांचा आकडा किती वर्षे जपायचा, तो कोणी तपासायचा, तुटलेली नोंद कशी दाखवायची, मापक हलवला तर कोणाला कळवायचे, हे या कोणत्याही कायद्यातून थेट हाती लागत नाही. आजचा आकडा पडद्यावर दिसणे आणि वीस वर्षांचा आकडा विश्वासाने हाती मिळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेच्या वहीला १८९१ च्या कायद्याने असा दर्जा दिला की तिच्या नोंदीची प्रमाणित प्रत न्यायालयात पुरावा म्हणून चालते. पुढे संगणकीय नोंदींनाही अटी घालून तोच दर्जा मिळाला. सव्वाशे वर्षांपूर्वी पैशाच्या नोंदीबद्दल जे सुचले, ते पावसाच्या नोंदीबद्दल अजून सुचायचे आहे.

राज्याच्या ग्रामीण भागाला या आकड्याची किंमत आपल्याआधी कळली. एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. आणि शेतकऱ्याची नुकसानभरपाई बरेचदा या एका आकड्याशी बांधलेली असते. म्हणून तर २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पात मंडळामंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, आणि आपल्या मंडळातले केंद्र योग्य जागी आहे की नाही यावरून शेतकरी भांडू लागला. ते भांडण मला शहाणपणाचे वाटते. आकड्यावर हक्क बजावणे म्हणजे हेच. उपनगरातला माणूस मात्र तळमजल्यावरचा फ्रीज पाण्यात गेला की नशिबाला बोल लावतो आणि विम्याच्या कागदावर सांताक्रूझचा आकडा लिहितो.

फ्रीजचे सोडा. २ जुलै २०१९ च्या पहाटे मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाची संरक्षक भिंत झोपड्यांवर कोसळून तीसहून अधिक माणसे गेली. १८ जुलै २०२१ च्या पहाटे चेंबूरच्या भारतनगरात आणि विक्रोळीच्या सूर्यनगरात घरे कोसळून पुन्हा पंचवीसहून अधिक. अशा प्रत्येक वेळी पहिले वाक्य ठरलेले असते: ‘पाऊसच इतका झाला की...’ किती झाला? त्या टेकडीवर, त्या तासात? हा आकडा विश्वासार्ह असेल तर एक तर ते वाक्य सिद्ध होईल, नाही तर ते वाक्य उच्चारण्याची सोय राहणार नाही. नोंद जबाबदारी निर्माण करते, आणि म्हणूनच ती नीट ठेवण्याविषयी कोणाला फारसा उत्साह नसतो, असे मला वाटते. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालात गटारांची क्षमता तासाला ५० मिलिमीटरपर्यंत वाढवण्याची शिफारस होती. बारा वर्षांनी २६ जुलै उजाडला तेव्हा ते काम बहुतांशी कागदावरच होते. आकडा असूनही असे होते. आकडाच नसेल तर बोलायलाच नको.

आता थोडे पवईकडे पाहू. तळ्याच्या काठी आयआयटी आहे, जिथे पावसाच्या आणि पुराच्या नोंदींवर काम चालते. तिच्याच आवारात सूक्ष्मतरंगांवर आणि रडारवर काम करणारी ‘समीर’ ही केंद्र सरकारची संशोधन संस्था आहे. आणि मुंबईच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचे वर्ग भरले तेही पवईतच, एमटीएनएलच्या प्रशिक्षण केंद्राच्या इमारतीत. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी टेलिफोन खात्याच्या छताखाली धडे गिरवावेत, हा योगायोगही बोलका आहे. नोंद, लहर आणि कायदा, तिन्ही एका रिक्षाच्या भाड्यात! परंतु आपल्या विद्यापीठीय व्यवस्थेत पीएच.डी. एका विभागाची असते, मार्गदर्शक एका विषयाचा असतो, परीक्षकही त्याच विषयाचा लागतो. पावसाच्या नोंदीची मालकी हा विषय घेऊन कोणी गेला तर अभियांत्रिकीचा विभाग म्हणेल हा कायदा झाला, आणि कायद्याचा विभाग म्हणेल ही अभियांत्रिकी झाली. अशा तिन्ही दारांवर थाप मारणाऱ्या विद्यार्थ्याला आत घेणारी एखादी खोली पवईत निघावी. तिच्या पहिल्या कामांची यादी मोठी नको. पालिकेच्या मापकांच्या नोंदी कशा जपाव्यात याची एक नियमावली, वेरावलीच्या रडारभोवतीच्या लहरींची एक पाहणी, आणि मोबाइल कंपन्यांकडून पावसाचे आकडे मागण्यासाठी कायद्याच्या कसोटीवर टिकेल असा एक मसुदा. तीन कामे, तीन वर्षे. खर्च म्हणाल तर एखाद्या नाल्याच्या एका हंगामाच्या गाळापेक्षा तो कमीच असेल, अशी माझी अटकळ आहे.

आणि तोवर आपण काय करायचे? आपल्या वॉर्डाच्या कार्यालयात जाऊन विचारायचे: आमचा पाऊस मोजणारे यंत्र कोणत्या गच्चीवर आहे, ते केव्हा बसवले, शेवटचे केव्हा तपासले, आणि मागच्या जुलैत त्याचा संपर्क किती वेळा तुटला? लेखी विचारायचे आणि लेखी उत्तर मागायचे. रस्त्यातला खड्डा आणि नळाला पाणी यांसाठी आपण अर्ज करतोच. त्यात हा एक अर्ज अधिक. मुलुंडच्या, बोरिवलीच्या, घाटकोपरच्या चार-चार सोसायट्यांनी एवढे केले, तरी कोणाला तरी ती वही उघडून पाहावी लागेल.